कार्डावर नाव कुणाचं?



मागच्या महिन्यात मंडळाची बैठक संपल्यावर चपला घालता घालता एका मैत्रिणीने विचारलं, "मुलीच्या लग्नात फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन एकदमच घ्यायचंय. कार्डाचं लिमिट तीन लाख आहे. कार्डावर घेऊ की रोख देऊ? वस्तू खराब निघाली तर बँक काही करते का?" मी तिला तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं. घरी आल्यावर वाटलं, ते अपुरं होतं. मी एकच प्रश्न उलट विचारायला हवा होता: कार्ड कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न मला सहा वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर मी हसले असते. माझ्या पर्समध्ये कार्ड होतं, त्यावर माझं नाव छापलेलं होतं, बारा वर्षं मी ते वापरत होते. हे गेले. दिवसकार्य झाल्यावर चिरंजीवांनी बँकेला कळवलं. बँकेने ह्यांचं कार्ड बंद केलं आणि त्याच दिवशी माझंही. कारण माझं ते ॲड-ऑन कार्ड होतं. नाव माझं, खातं ह्यांचं, लिमिट ह्यांच्या पगारावर ठरलेलं. मी बी.कॉम. फर्स्ट क्लास. घराचा जमाखर्च चाळीस वर्षं मी लिहिला, दर महिन्याचं कार्डाचं बिलसुद्धा मीच भरत होते. तरी पत नावाच्या गोष्टीत माझ्या नावापुढे कोरं पान होतं. बँकेतला मुलगा चांगला होता बिचारा. म्हणाला, "काकू, तुमची क्रेडिट हिस्टरीच नाहीये."

तेव्हापासून या हिस्टरीची मला उत्सुकता लागली. जे वाचलं ते आज सांगते.

सुरुवात माझ्या आजोबांपासून करते. त्यांचं इचलकरंजीत कापडाचं दुकान होतं. उधारीची लाल वही, प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. लिमिट कुठे लिहिलेलं नसे, ते आजोबांच्या डोक्यात असे. "याला पन्नासच्या वर नको," "यांना काय हवं ते द्या, ऊस गेला की आणून देतील." वस्तू खराब निघाली तर पान तिथेच असायचं. लुगड्याचा रंग गेला तर बाई ते घेऊन पायरीवर उभी राहायची, आजोबा कुरकुरत रक्कम खोडायचे. मर्यादा आणि संरक्षण, दोन्ही एकाच माणसाकडे. पण त्या वहीत एकाही बाईच्या नावाचं पान मी पाहिलं नाही. खरेदी बायका करायच्या, नोंद मात्र अमक्याची मंडळी, तमक्याची आई अशी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पानावर पडायची.

अमेरिकेतही याहून फार वेगळं नव्हतं. तिथल्या मोठ्या दुकानांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखीच्या गिऱ्हाइकांना धातूची छोटी बिल्ले दिली, पुढे नाव कोरलेल्या पट्ट्या दिल्या. ते त्या एकाच दुकानापुरतं चाले. लग्न झालेल्या बाईच्या पट्टीवर बहुधा नवऱ्याचंच नाव असायचं, पुढे फक्त मिसेस. अनेक ठिकाणी चालणारं कार्ड आलं १९५० मध्ये. न्यूयॉर्कच्या फ्रँक मॅक्नमारा यांनी डायनर्स क्लब काढला. हॉटेलात जेवायचं, सही करायची, महिन्याच्या शेवटी सगळं बिल एकदम चुकतं करायचं. तो साहेबलोकांचा मामला. घरात फ्रिज घ्यायला त्याचा उपयोग नव्हता.

आजच्यासारखं कार्ड, म्हणजे थोडं भरा, बाकीच्यावर व्याज द्या, हे सुरू झालं १९५८ च्या सप्टेंबरमध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या शहरात. ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बँक ऑफ अमेरिकेचं त्या शहरात मोठं प्रस्थ होतं. जवळजवळ निम्म्या घरांचं काही ना काही खातं त्या बँकेत. बँकेचे जोसेफ विल्यम्स नावाचे अधिकारी होते. त्यांनी विचार केला, दुकानदार म्हणतात लोकांकडे कार्ड नाही तर आम्ही का घेऊ, आणि लोक म्हणतात दुकानं घेत नाहीत तर आम्ही का काढू. मग त्यांनी सरळ साठ हजार कार्डं टपालाने घरोघर पाठवून दिली. कुणी मागितली नव्हती, अर्ज नव्हता. पाकीट फोडलं की आत कार्ड, तीनशे ते पाचशे डॉलर लिमिटचं. उरलेल्या रकमेवर वर्षाला अठरा टक्के व्याज. दुकानदाराकडून शेकडा सहा.

लिमिट म्हणजे काय तर बँकेने स्वतःभोवती घातलेलं कुंपण. हा माणूस बुडाला तर आपले जास्तीत जास्त किती जातील, एवढाच हिशोब. आपल्याला वाटतं बँकेने आपली लायकी जोखली, किती विश्वास टाकला! तसं काही नाही. (आपल्याकडे परिग्रह-परिमाण आपण स्वतः स्वतःला घालून घेतो. इथे परिमाण दुसऱ्याने ठरवलेलं आहे, आणि तेही त्याच्या सोयीने. दोन्हींना मर्यादाच म्हणतात, म्हणून गफलत होते.)

आणि कुंपणही धड नव्हतं. दुकानदाराने ठराविक रकमेच्या वरच्या खरेदीसाठीच बँकेला फोन करून परवानगी घ्यायची. त्या रकमेच्या आतली खरेदी न विचारता. साहजिकच लबाड लोक एका दुकानात थोडं, दुसऱ्यात थोडं असं करत लिमिटच्या कितीतरी पुढे गेले. टपालातून कार्डं चोरीला गेली. बँकेने धरलं होतं की शंभरातले चार लोक पैसे थकवतील, प्रत्यक्षात बावीस जणांनी थकवले. वर्ष-सव्वा वर्षात बँकेने साऱ्या कॅलिफोर्नियात वीस लाख कार्डं पसरली होती. तोटा जाहीर झाला ८८ लाख डॉलर, जाहिरात आणि बाकी खर्च धरला तर दोन कोटींच्या घरात. विल्यम्स यांनी नोकरी सोडली. पण बँकेने धंदा सोडला नाही. घडी बसवली आणि १९६१ पर्यंत तो नफ्यात आणला. पुढे १९७६ मध्ये याच कार्डाचं नाव व्हिसा झालं.

बाकीच्या बँकांनी फ्रेस्नोपासून धडा घेतला असेल असं तुम्हाला वाटेल. १९६६ मध्ये नाताळाच्या खरेदीआधी शिकागोच्या बँकांनी पुन्हा तेच केलं, लाखो कार्डं न मागता टपालात टाकली. तान्ह्या मुलांच्या नावानेही कार्डं गेली. न मागितलेलं, वाटेत चोरीला गेलेलं कार्ड, आणि बिल मात्र तुमच्या घरी! लोक चिडले, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. शेवटी १९७० मध्ये तिथल्या संसदेने न मागता कार्ड पाठवायला बंदी घातली. हरवलेल्या कार्डावर दुसऱ्याने खरेदी केली तर धारकाची जबाबदारी जास्तीत जास्त पन्नास डॉलर, असंही ठरलं. १९७३ मध्ये संगणकावरून परवानगीची पद्धत आली आणि लिमिट खऱ्या अर्थाने लिमिट झालं.

पण तुमच्या-माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नव्हतं. कार्ड माझंच, खरेदी मीच केली, पण सोफा मोडका आला, तर? तेव्हा बँक म्हणायची, आम्ही दुकानदाराचे पैसे चुकते केले, आता तुम्ही आमचे द्या, सोफ्याचं भांडण तुमचं आणि दुकानदाराचं. म्हणजे आजोबांच्या पायरीवर उभं राहून लुगडं दाखवायची जी सोय होती, ती मध्ये बँक आल्यावर गेली. दुकानदाराला पैसे मिळालेले, त्याला घाई नाही. बँकेने माल पाहिलेलाच नाही. आणि बाई मध्ये लटकलेली.

दुसरीकडे बायकांची वेगळीच तक्रार साचत होती. १९७२ मध्ये ग्राहकांच्या कर्जव्यवहाराची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगापुढे अमेरिकेतल्या बायकांनी साक्षी दिल्या. अविवाहित पुरुषाला सहज मिळणारी पत अविवाहित बाईला मिळत नाही. लग्न झालं की दुकानं बाईचं जुनं खातं बंद करून नवऱ्याच्या नावाने नवा अर्ज मागतात. नवरा-बायको दोघं कमावत असली तरी बायकोचा पगार पूर्ण धरत नाहीत. आणि घटस्फोट झाला किंवा नवरा वारला की तिची पत शून्यापासून. हे वाचताना मी चष्मा काढून थोडा वेळ बसले. पन्नास वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची बाई, आणि आमच्या शाखेतल्या त्या टेबलापुढे बसलेली मी.

आता लिंडी बॉग्ज यांच्याबद्दल. त्यांचे यजमान हेल बॉग्ज अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले मोठे नेते. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कात त्यांचं विमान बेपत्ता झालं, ते सापडलंच नाही. १९७३ मध्ये लिंडीबाई त्यांच्या जागी निवडून आल्या. बँकिंगच्या समितीवर त्या होत्या आणि समितीपुढे कर्जात भेदभाव करायला मनाई करणारा मसुदा आला. त्यात बायकांचा उल्लेख नव्हता. असं सांगतात की बाईंनी मसुद्यावर स्वतःच्या हाताने 'लिंग किंवा वैवाहिक स्थिती' या अर्थाचे शब्द घातले, त्याच्या प्रती काढल्या आणि सभासदांना गोड बोलून वाटल्या. तुमच्याकडून हे चुकून राहिलं असेल, म्हणाल्या. कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. आपल्या घराघरांत मोठे निर्णय असेच झालेले आहेत, नाही का?

२८ ऑक्टोबर १९७४ रोजी त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली. आणि मला गंमत वाटली ती याची: बाईला स्वतःच्या नावावर पत मिळण्याचा हक्क आणि कार्डावरच्या खरेदीचं संरक्षण ही दोन्ही प्रकरणं एकाच कायद्याच्या जुडग्यात होती, एकाच सहीने मंजूर झाली. माल पोचलाच नाही किंवा बिल चुकीचं आलं, तर साठ दिवसांत बँकेला लेखी कळवायचं. बँकेने तीस दिवसांत पोच द्यायची आणि जास्तीत जास्त नव्वद दिवसांत निकाल लावायचा. माल सदोष निघाला तर आधी दुकानदाराशी प्रामाणिकपणे मिटवायचा प्रयत्न करायचा. तो फसला, तर जी हरकत दुकानदारापुढे घेता येते तीच बँकेपुढेही घेता येते. त्याला अटी आहेत: खरेदी पन्नास डॉलरच्या वरची हवी आणि आपल्याच राज्यातली किंवा घरापासून शंभर मैलांच्या आतली हवी. पण बँक आता भांडणाच्या बाहेर राहू शकत नव्हती.

त्याच वर्षी इंग्लंडने तर एक पाऊल पुढे टाकलं. तिथे बार्कलेज बँकेचं कार्ड १९६६ पासून होतं. १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्यात ७५ क्रमांकाचं कलम आहे. वस्तूची किंमत शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजार पौंडांपर्यंत असेल (हे आजचे आकडे, सुरुवातीला कमी होते), तर दुकानदाराइतकीच कार्डाची बँकही जबाबदार. दुकान बुडालं, मालक पळाला, तरी बँकेकडे दाद मागता येते. आणि नुसती अनामत कार्डावर दिली, बाकी रोख दिली, तरी जबाबदारी पूर्ण रकमेची. २००७ मध्ये तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की परदेशात केलेल्या खरेदीलाही हे लागू. यात एक मेख मात्र आहे. संरक्षण मूळ खातेदाराला आहे. ॲड-ऑन कार्डावर बायकोने फक्त स्वतःसाठी काही घेतलं तर बँक हात वर करू शकते. पुन्हा तेच, कार्डावर नाव कुणाचं?

१९८० च्या दशकात अमेरिकन एक्सप्रेससारख्या कंपन्यांनी 'पर्चेस प्रोटेक्शन' या नावाने वेगळी गोष्ट आणली. तो विमा आहे. कार्डावर घेतलेली वस्तू ठराविक दिवसांत, बहुधा नव्वद, चोरीला गेली किंवा फुटली तर भरपाई. कायद्याने मिळालेला हक्क वेगळा आणि कंपनीने गिऱ्हाईक खेचायला दिलेला विमा वेगळा. विमा कंपनी कधीही काढून घेऊ शकते, आणि त्यातल्या बारीक अक्षरांत दागिने, मोबाइल, नाशवंत माल बहुधा वगळलेले असतात. आपल्या मैत्रिणी नेमक्या दागिन्यांच्या भरवशावर असतात!

आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ मध्ये आला. आपल्या बँकेचं पहिलं कार्ड सेंट्रल बँकेचं सेंट्रलकार्ड, १९८०. मी तेव्हा कॉलेजात. आमच्या बँकिंगच्या पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता, परीक्षेला कधी आला नाही. पुढचं सगळं तुम्ही पाहिलंच आहे, मॉलमध्ये टाय लावलेली मुलं फॉर्म घेऊन मागे लागायची ते दिवस.

इंग्लंडच्या ७५ कलमासारखा कायदा आपल्याकडे नाही, हे आधी नीट समजून घ्या. आपल्याकडे आहे ते 'चार्जबॅक', म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या आपापल्या नियमांनुसार बँकेमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागणं. त्याला मुदत असते, पुरावे लागतात. दुकानदाराविरुद्ध ग्राहक मंचाची वाट १९८६ च्या कायद्याने खुली केली, ती आहेच. रिझर्व्ह बँकेचे नियम मात्र अलीकडे बरेच कडक झालेत. आपली चूक नसताना, बँकेचीही नसताना तिसऱ्यानेच कार्डावरून पैसे काढले, तर बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की आपली जबाबदारी शून्य. हे २०१७ पासून. २०२२ च्या निर्देशांत न मागता कार्ड द्यायला मनाई आहे. दिलंच आणि पैसे लावले, तर ते परत करून वर दुप्पट दंड. आपल्या संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, आणि कमी केलं तर कळवावं लागतं. तक्रारीचा तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. फ्रेस्नोत टपालाने पाकिटं पडली त्याचे पडसाद म्हणायचे हे.

आता माझं. पगार नाही, म्हणून साधं कार्ड मिळेना. शेवटी दोन लाखांची ठेव बँकेत ठेवली आणि तिच्यावर कार्ड घेतलं, एक लाख साठ हजार लिमिटचं. स्वतःचेच पैसे तारण ठेवून स्वतःची पत मिळवायची, हे मनाला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण दर महिन्याला किराणा आणि औषधं त्यावर घेतली, बिल तारखेच्या आधी पूर्ण भरलं, आणि दीड वर्षात सिबिलमध्ये माझ्या नावाचं पान भरलं. एक्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आजोबांच्या वहीत तुझं नाव आलं म्हण की."

गेल्या वर्षी नातीच्या खोलीसाठी त्याच कार्डावर चौसष्ट हजारांचा पलंग आणि कपाट ऑनलाइन मागवलं. पलंगाची एक बाजू उभी चिरलेली, कपाटाचं दार बसेना. विक्रेत्याला फोन केले, मग ईमेल केलं. त्यांनी "तपासतो" म्हणून आठवडा घालवला. मी वाट बघत बसले नाही. बिल, फोटो आणि ईमेलची प्रत जोडून बँकेकडे लेखी वाद नोंदवला. बँकेने दोनदा तेच कागद मागितले, मी दोनदा दिले. सत्तेचाळीसाव्या दिवशी पैसे परत जमा झाले. त्याच सुमारास आमच्या जाऊबाईंनी स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांसाठी एका माणसाच्या खासगी नंबरवर चाळीस हजार पाठवले होते. तो माणूस अजून "उद्या येतो" म्हणतो आहे.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं. फ्रिज-टीव्ही कार्डावर घे, पण पूर्ण रक्कम बिलाच्या तारखेला हाताशी असेल तरच, नाहीतर व्याजाने फ्रिज दीडपट पडेल. ईएमआय केलास तर पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्त्याहप्त्याने मोकळी होते, म्हणजे लग्नाच्या ऐन खर्चात तीन लाखांतले हाताशी किती राहतील ते आधीच मांडून बघ. खोकं उघडताना फोटो काढ. खराब निघालं तर आधी दुकानदाराला लेखी कळव, मग लगेच बँकेला. विमा आहे का, हे बँकेकडून ईमेलवर लिहून घे, फोनवरच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. आणि ते तीन लाखांचं कार्ड भाऊजींच्या खात्यावरचं ॲड-ऑन असेल, तर या लग्नाच्या गडबडीतच एक दिवस काढून स्वतःच्या नावाचा अर्ज भर.

पलंग शेवटी मी आमच्या गल्लीतल्या सुताराकडून करून घेतला. सागवानी, भक्कम. तो कार्ड घेत नाही.